‘ला प्रँसेस द क्लेव्ह’विषयीचा वाचकवाद

मादाम द ला फायेत (१६३४–१६९३) यांची ‘ला प्रँसेस द क्लेव्ह’ ही फ्रेंच कादंबरी मार्च १६७८ मध्ये पॅरिसच्या क्लोद बार्बँ या प्रकाशकाने चार लहान भागांत प्रसिद्ध केली. त्यानंतर तिच्याविषयी वाचकांमध्ये जो वाद पेटला, तो आज साडेतीनशे वर्षं होत आली तरी विझलेला नाही. वादाच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. आपलं मन दुसऱ्या पुरुषावर गेलं आहे, हे बायकोने नवऱ्याला सांगावं का? फ्रेंच दरबारी जीवनाच्या रीतिभाती रंगवणारी कादंबरी म्हणून ही कृती अभ्यासली जाते. पण तिच्या वाचकांची मतं वाचताना त्या त्या काळातल्या रीतिभातींचा इतिहासही उलगडत जातो, आणि म्हणूनच त्या मतांना स्वतंत्र मोल आहे.

कथा घडते दुसऱ्या हेन्री राजाच्या दरबारात, १५५८–५९ च्या सुमारास. सोळा वर्षांची मादमवाझेल द शार्त्र आईबरोबर दरबारात येते. एका इटालियन जवाहिऱ्याच्या दुकानात प्रिन्स द क्लेव्ह तिला पाहतो, तिच्यावर भाळतो आणि लग्न होतं. तिला त्याच्याविषयी आदर आहे, प्रेम नाही. पुढे लूव्र राजवाड्यातल्या नृत्यात ड्यूक द नमूर भेटतो आणि प्रेम म्हणजे काय हे तिला कळतं. आई मरणशय्येवरून सावध करून जाते. दरबारात राहायचं तर नमूर रोज समोर येणार, म्हणून ती गावाकडे राहू देण्याची परवानगी मागते. नवरा कारण विचारतो. तेव्हा कूलोम्ये इथल्या त्यांच्या वाड्याच्या बागेतल्या मंडपात ती त्याच्या पायाशी कोसळते आणि म्हणते की, आजवर कोणत्याही बायकोने नवऱ्याला दिली नसेल अशी कबुली मी देणार आहे.

त्या प्रसंगात ती माणसाचं नाव सांगत नाही. नवरा आधी हेलावतो. इतका विश्वास टाकणारी बायको मिळाली याचं मोठेपण त्याला उमगतं. पण पुढच्याच श्वासाला तो विचारू लागतो की, तो भाग्यवान कोण, कधीपासून, त्याने काय केलं? मग त्याला तिचं हरवलेलं चित्र आठवतं आणि ते चित्र त्या माणसाला तूच दिलंस, असं तो म्हणून बसतो. खरं तर नमूरने ते चोरलेलं असतं. आणि तो नमूरच मंडपाबाहेर लपून हे सगळं ऐकत असतो. नाव न घेता तो हा किस्सा एका स्नेह्याला सांगतो, आणि दरबारभर कुजबुज पसरते. आता नवरा-बायको एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात, कारण दोघांनाही वाटतं की ही गोष्ट आपल्यापैकीच दुसऱ्याने फोडली. शेवटी संशयानेच प्रिन्स खंगून मरतो. ती मोकळी होते, तरीही नमूरला नकार देते आणि वर्षाचा काही काळ एका मठात घालवू लागते. तिचं आयुष्य लहानसंच ठरतं.

पुस्तक बाजारात येऊन दोन दिवस झाले नाहीत तोच पत्रलेखनासाठी प्रसिद्ध असलेल्या मादाम द सेव्हीन्ये यांनी पत्रात लिहिलं की, आपण वाचलेल्या सर्वांत मोहक गोष्टींपैकी ही एक आहे. त्यांचे चुलतबंधू ब्युसी-राब्युतँ यांचं मत जूनच्या पत्रात आलं आणि ते अगदी उलटं होतं. बायको फार तर कुणीतरी आपल्यावर प्रेम करतं एवढं नवऱ्याला सांगेल, पण आपलंच मन दुसऱ्यावर आहे हे कधीच नाही, असं त्यांचं म्हणणं. खऱ्या घडलेल्या हकिगतीत असं काही आलं असतं तर ते मानलं असतं, पण रचलेल्या गोष्टीत नायिकेला असं वागायला लावणं त्यांना न पटणारं वाटलं. इतर कादंबऱ्यांहून वेगळं दिसण्याच्या नादात लेखकाने सारासार विचार सोडला, असा त्यांचा ठपका होता.

लेखक म्हणजे नेमकं कोण, हे मुखपृष्ठावर नव्हतं. मादाम द ला फायेत यांच्या नावाने पुस्तक निघालं ते थेट १७८० मध्ये. उच्चकुळातल्या स्त्रीने ग्रंथकार म्हणून मिरवणं त्या समाजात शोभत नसे. १३ एप्रिल १६७८ च्या एका पत्रात त्यांनी लेखनाशी आपला किंवा स्नेही, लेखक ला रोशफुको यांचा काही संबंध नसल्याचं ठामपणे सांगितलं, आणि लगेच त्या पुस्तकाची मनसोक्त स्तुतीही केली. दरबाराचं आणि तिथल्या वागण्याचं हे हुबेहूब चित्र आहे, याला कादंबरी म्हणू नये, स्मृतिलेख म्हणावं, असं त्या लिहितात. त्याच पत्रात पुस्तकावरून माणसांत पडलेल्या फुटीचाही उल्लेख आहे: लोक एकमेकांना खाऊ की गिळू या थराला आले आहेत.

ही फूट छापील पानांवर आणली झाँ दोनो द व्हिझे यांनी. ते ‘मेर्क्यूर गालाँ’ हे मासिक चालवत. मासिकाच्या ‘एक्स्त्राओर्दिनेर’ या त्रैमासिक अंकात, एप्रिल १६७८ मध्ये, त्यांनी वाचकांसमोर एक लांबलचक प्रश्न टाकला. सद्गुणी स्त्री, तितकाच सज्जन नवरा आणि आवरू पाहूनही न आवरणारी ओढ. दूर जायचं तर नवऱ्याला खरं कारण सांगावं लागणार आणि गप्प बसायचं तर रोज त्या माणसाला सामोरं जावं लागणार. तिने काय करावं? कादंबरीतली सगळी माणसं वगळून फक्त पेच तेवढा ठेवला होता, त्यामुळे प्रत्येकाला आपल्या घरापुरता विचार करता आला. पॅरिसबरोबर प्रांताप्रांतांतून उत्तरं आली, बरीचशी टोपणनावांनी, काही तर मंडळींनी एकत्र बसून ठरवलेली. जुलै आणि ऑक्टोबरच्या अंकांत ती छापून आली. वाचकांना निवाडा करायला बसवणारा असा जाहीर प्रश्न ही त्या काळी नवलाची गोष्ट होती.

बहुसंख्य उत्तरं कबुलीच्या विरोधात गेली. झाकली मूठ सव्वा लाखाची, हाच त्यांचा सूर. बोलून नवऱ्याचं सुख जातं, त्याचा मत्सर जागा होतो आणि बायकोवरचा विश्वासही डळमळतो, असं त्यांचं म्हणणं पडलं. हा युक्तिवाद पोकळ नाही, कारण कादंबरीत अखेर तसंच घडतं. पण एक गोष्ट या पत्रलेखकांच्या नजरेतून निसटली असं वाटतं. प्रिन्सेस फक्त पापाची कबुली देत नाही, ती मदत मागते. आई गेलेली आहे आणि जीव मोकळा करायला एकच माणूस उरला आहे, तो म्हणजे नवरा. त्याच्याकडे ती रक्षणकर्ता म्हणून जाते, आणि तो क्षणभर तसा वागतोही. पुढचा घात तिच्या शब्दांमुळे कमी आणि मंडपामागे लपलेल्या कानांमुळे जास्त झाला.

कबुलीच्या बाजूने सर्वांत लक्षात राहणारा आवाज ‘गुयेनचा भूमितितज्ज्ञ’ या नावाने मे महिन्याच्या ‘मेर्क्यूर’मध्ये आला. ते होते पुढे लेखक म्हणून विख्यात झालेले फाँतनेल. गणिती माणसाला प्रेमकथेत काय रस असणार, ही शंका गृहीत धरून त्यांनी सांगितलं की आपण हे पुस्तक चार वेळा वाचलं आहे. कबुलीवर हवा तेवढा खल करा, आपल्याला तो प्रसंग अप्रतिम आणि उत्तम तयारीने आणलेला वाटतो, हे त्यांचं मत.

त्याच वर्षी पंचविशीतल्या व्हालँकूर यांचं एक अख्खं पुस्तक निघालं. एका मार्कीजला (सरदारघराण्यातल्या स्त्रीला) लिहिलेली तीन पत्रं, असं त्याचं स्वरूप होतं. कथानक, भावना आणि भाषा असे तिन्ही अंगांनी त्यांनी कादंबरी तपासली. दागिन्यांच्या दुकानातली भेट त्यांना खटकली, इतिहासातल्या माणसांना कल्पित आयुष्य चिकटवणं खटकलं, वाक्यांतली व्याकरणाची वळणंही खटकली. १६७९ मध्ये आबे द शार्न यांनी संवादांच्या रूपात उत्तर दिलं. जुन्या अवाढव्य प्रेमकथांच्या मापाने हे पुस्तक मोजू नका, इतिहासाच्या जवळ राहून माणसं रंगवणारा हा वेगळाच प्रकार आहे, असा त्यांचा बचाव होता. आधुनिक कादंबरीची ओळख पटण्याच्या वाटेवरचा हा महत्त्वाचा टप्पा आहे. एका कादंबरीवर लगोलग एक टीकाग्रंथ आणि त्याला उत्तर देणारा दुसरा ग्रंथ निघावा, हे तेव्हा क्वचितच घडे.

पुढच्या शतकांत प्रश्न तोच राहिला तरी उत्तरं बदलली. फ्रेंच कादंबरीकार स्तांदाल यांनी ‘प्रेमाविषयी’ (१८२२) या ग्रंथात नवऱ्याला सांगायलाही नको होतं आणि नमूरला नकारही द्यायला नको होता, असा निकाल दिला. १९६८ मध्ये फ्रेंच समीक्षक झेरार झेनेत यांनी जुन्या आक्षेपांचा उलगडा केला तो असा: वाचकाला ‘असं कुणी करत नाही’ वाटतं, कारण त्या कृतीला आधार देणारं कोणतंही प्रचलित नीतिवचन त्याच्यापाशी नसतं. शक्याशक्यतेचा प्रश्न असा रूढीचा प्रश्न ठरला. १९८१ मध्ये स्त्रीवादी समीक्षक नॅन्सी मिलर यांनी हाच धागा पुढे नेला आणि स्त्रियांनी रचलेल्या कथानकांना ‘न पटणारी’ का म्हटलं जातं, हे दाखवलं. त्यानंतर चर्चेचा भर कबुलीवरून नकाराकडे झुकला. तो नकार धर्मभीतीतून आला, पतीच्या मृत्यूच्या ओझ्यातून आला, की नमूरचं प्रेम टिकणार नाही या स्वच्छ जाणिवेतून? शेवटच्या भेटीत ती ही कारणं नमूरसमोर स्वतःच मांडते, आणि तो भाग कबुलीइतकाच धीट आहे. तिच्या ओढीचं बळ कळायचं असेल तर कूलोम्येची ती रात्र वाचावी. तिथे ती एकटी बसून नमूरच्या काठीला फिती बांधत असते. ती काठी ‘इंडीज’हून आलेल्या वेताची आणि फिती त्याने स्पर्धेत मिरवलेल्या रंगांच्या. ओढ एवढी असून ती नाही म्हणते.

फ्रान्समध्ये हा वाद एकविसाव्या शतकात रस्त्यावर आला. फेब्रुवारी २००६ मध्ये, तेव्हा गृहमंत्री असलेले निकोला सार्कोझी यांनी ल्यों येथील भाषणात, सरकारी नोकरीच्या परीक्षेत ही कादंबरी नेमणारा माणूस छळवादी किंवा मूर्ख असला पाहिजे असं म्हटलं, आणि खिडकीवरच्या कारकून बाईला तिचं या पुस्तकाविषयीचं मत विचारून पाहा, अशी टिंगल केली. ते राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, २००९ च्या विद्यापीठीय आंदोलनात, अध्यापक आणि विद्यार्थ्यांनी पॅरिसच्या पाँतेऑं या स्मारकासमोर ही कादंबरी जाहीरपणे वाचली. त्यानंतर इतर गावांतही अशी वाचनं झाली. त्या वसंतातल्या पॅरिस पुस्तक जत्रेत ‘मी प्रँसेस द क्लेव्ह वाचतो’ असे बिल्ले हातोहात गेले आणि पुस्तकाचा खप वाढला. त्या भाषणातला अपमान कादंबरीपेक्षा खिडकीवरच्या बाईचा जास्त होता. १६७८ मध्ये दोनो द व्हिझे यांनी नेमकं तिच्यासारख्या वाचकालाच मत विचारलं होतं.

रेजिस सोदेर यांच्या २०११ च्या माहितीपटात मार्सेयच्या उत्तर भागातल्या एका सरकारी शाळेतली मुलं-मुली हाच मजकूर पाठ म्हणतात आणि मग स्वतःच्या घरांविषयी बोलू लागतात. आईवडिलांना काय सांगता येतं, काय लपवावं लागतं आणि कुणावर मन बसलं तर ते कुणाला सांगायचं, हे सगळं त्यांच्या बोलण्यात येतं.