लोणारचं सरोवर आणि महाभारतातला 'अणुबॉम्ब'

बुलढाणा जिल्ह्यात लग्नाची पंगत असो की पारावरची बैठक, लोणारचा विषय निघाला की कोणीतरी सांगतंच: "ते विवर महाभारतातल्या ब्रह्मास्त्रानं, म्हणजे त्या काळच्या अणुबॉम्बनं झालं, म्हणून तिथं काचेचे मणी सापडतात." मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात तर लोणार चक्क मुंबईजवळ असतं!

काच खरी आहे, कारण वेगळं आहे. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं हे विवर बेसाल्ट खडकात उल्का आदळून झालं. त्या दणक्यात खडक वितळून काचेचे गोळे बनले. इथे मॅस्केलिनाइटही सापडतं. प्रचंड दाबाच्या धक्क्यानं फेल्डस्पार या खनिजाची न वितळता झालेली काच ती. 1973 मध्ये शास्त्रज्ञांनी याच पुराव्यांवरून हे विवर उल्केच्या आघातानं झाल्याचं मांडलं. खडकातल्या आर्गॉन वायूच्या मोजणीवरून विवराचं वय निघालं सुमारे 5 लाख 70 हजार वर्षं. आपल्या मानवजातीचे सर्वात जुने अवशेषच साधारण 3 लाख वर्षांचे; मग बॉम्ब टाकला कोणी?

लोणारच्या दैत्यसूदन मंदिरातली, विष्णूनं लवणासुराला मारल्याची कथा मात्र आपली जागा राखून आहे. तिनं कधी किरणोत्साराचा दावा केलेला नाही. 2020 मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं. ते रंगद्रव्य खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांचं होतं.