अमेरिकेत राज्यशास्त्राची पीएचडी : अर्ज भरण्याआधी वाचा

आमच्याकडे सल्ल्यासाठी येणारे बहुतेक विद्यार्थी आधी एम.एस.ला गेलेल्या एखाद्या मित्राशी बोलून आलेले असतात. त्यामुळे पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘कर्ज किती काढावं लागेल?’ राज्यशास्त्राच्या पीएचडीला हा हिशेब लागू पडत नाही. चांगल्या विभागांत निवड झालेल्यांची ट्यूशन फी माफ असते, बहुधा आरोग्य विमा मिळतो आणि साधारण पाच वर्षं स्टायपेंड, म्हणजे राहण्या-खाण्यासाठी ठरावीक रक्कम, मिळतो. बदल्यात काही सत्रं टीचिंग असिस्टंट म्हणून काम करायचं. म्हणजे विद्यापीठ तुमच्यावर पैसे लावतं, आणि म्हणूनच निवड कडक असते. मोठ्या विभागातही दर वर्षी दहा-वीस जणच घेतले जातात आणि अर्ज शेकड्यांनी येतात. २०२५ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या निधीला कात्री लागल्यावर काही विद्यापीठांनी पीएचडीच्या जागा कमी केल्या, काही विभागांनी एखाद्या वर्षापुरते प्रवेशच थांबवले. तेव्हा अर्जाची फी भरण्याआधी त्या विभागाचं संकेतस्थळ स्वतः उघडून पाहा.

फंडिंगशिवाय पीएचडीची ऑफर आली तर आमचा सल्ला एकच : नाही म्हणा. कधी कधी विद्यापीठ कळवतं, ‘पीएचडीला जागा नाही, पण आमच्या एम.ए.ला प्रवेश देतो.’ घरात पेढे वाटले जातात, पण त्या एम.ए.ची फी बहुतेक वेळा तुमच्याच खिशातून जाते. तो अभ्यासक्रम वाईट असतो असं नाही. फक्त त्यापायी घर गहाण ठेवण्याआधी एकदा आमच्याशी किंवा निदान आपल्या प्राध्यापकांशी बोला.

समिती काय शोधते

इथली प्रवेशपरीक्षा गुणांवर सुटते. तिथे विभागातले प्राध्यापक मिळून निर्णय घेतात आणि त्यांच्या मनात एकच विचार असतो : हा माणूस पाच-सहा वर्षांत स्वतःचं संशोधन उभं करेल का, आणि त्याला मार्गदर्शन करणारं आपल्याकडे कोणी आहे का? म्हणून एसओपीत (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे काय आणि का शिकायचं ते सांगणारं निवेदन) ‘लहानपणापासून राजकारणाची आवड’, आजोबांची सरपंचकी, वक्तृत्व स्पर्धेतली ढाल हे सगळं गाळा. दोन पानांत एक प्रश्न मांडा.

प्रश्न म्हणजे काय, ते एका उदाहरणावरून सांगतो. १९९७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत काही प्रभाग महिलांसाठी राखीव होते आणि ते यादृच्छिक पद्धतीनं ठरले होते, कोणाच्या मर्जीनं नाही. २००२ मध्ये त्यांतले बरेच खुले झाले. आता आरक्षण उठल्यावर तिथे बायका निवडून येतात की पुन्हा पुरुषच? रिखिल भवनानी यांनी हे तपासलं. जो प्रभाग आधी राखीव होता, तिथे महिला निवडून येण्याची शक्यता आधी राखीव नसलेल्या प्रभागाच्या सुमारे पाचपट निघाली. हा शोधनिबंध २००९ मध्ये अमेरिकेतल्या राज्यशास्त्राच्या सर्वांत मानाच्या नियतकालिकात छापून आला. तेव्हा ते स्टॅनफर्डला पीएचडी करत होते, नंतर विस्कॉन्सिन-मॅडिसनला प्राध्यापक झाले. साहित्य काय, तर आपल्याच महापालिकेचे निकाल. ‘भारतीय लोकशाहीपुढील आव्हाने’ हा निबंधाचा विषय झाला. ‘आरक्षण काढल्यावर काय उरतं?’ हा संशोधनाचा प्रश्न आहे.

आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण उपशाखा म्हणून आंतरराष्ट्रीय संबंध निवडतात. यूपीएससीच्या तयारीतून ती गोडी लागलेली असते. पण त्यांच्या मनातला खरा प्रश्न जातीचा, सहकारी कारखान्यांचा, पाण्याचा किंवा पक्षफुटीचा असेल, तर त्याची जागा तौलनिक राजकारणात, म्हणजे देशांच्या अंतर्गत राजकारणाचा अभ्यास करणाऱ्या उपशाखेत, आहे. शिवाय अमेरिकी विभागांत आंतरराष्ट्रीय संबंध म्हणजे परराष्ट्र धोरणावरची भाष्यं नव्हेत. तिथे संख्याशास्त्र आणि गणिती प्रतिमानं भरपूर असतात. खरं तर संख्याशास्त्राच्या मूलभूत पेपरातून सुटका कुठल्याच उपशाखेत सहज होत नाही, राजकीय सिद्धांतात त्यातल्या त्यात थोडी. ‘आर’ (R) ही संख्याशास्त्रासाठी वापरली जाणारी संगणकभाषा शिकायला आत्तापासूनच सुरुवात करा.

विद्यापीठांची यादी क्रमवारीवरून करू नका, माणसांवरून करा. भारताच्या राजकारणावर काम करणारे आशुतोष वार्ष्णेय ब्राऊनला, प्रदीप छिब्बर बर्कलीला, कंचन चंद्रा न्यूयॉर्क विद्यापीठात आणि तारिक थचिल पेनसिल्व्हेनियाला आहेत. ज्यांच्या भरवशावर अर्ज करायचा ते निवृत्त होत आहेत का, दुसरीकडे गेले का, हे बघून घ्या. विज्ञान शाखेत आधी ईमेल करून प्रयोगशाळेत जागा विचारतात. राज्यशास्त्रात निर्णय समितीचा असल्यामुळे तसं काही करावं लागत नाही.

शिफारसपत्रं

अर्ज सर्वांत जास्त इथे अडतात. बहुतेक ठिकाणी तीन पत्रं लागतात. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ ही आपल्याकडची रीत सगळ्यांना माहीत आहे. तशी तिन्ही पत्रं एकाच हातची वाटतात आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. प्राचार्यांनी तुम्हाला फक्त बक्षीस समारंभात पाहिलं असेल तर त्यांचं पत्र नको. आमदारसाहेबांचं तर नकोच. ज्यांनी तुमचा प्रबंध वाचला, वर्गात तुमच्याशी वाद घातला, त्या मॅडमचं साधं पत्रही त्यापेक्षा भारी ठरतं. त्यांना दीड-दोन महिने आधी सांगा, एसओपीचा कच्चा खर्डा आणि सीव्ही द्या. पत्र ऑनलाइन लिंकवरून थेट त्यांनाच टाकायचं असतं. शक्यतो कॉलेजचा अधिकृत ईमेल द्यायला सांगा.

कागदपत्रं, थोडक्यात

ट्रान्सक्रिप्ट म्हणजे मार्कशीटच्या झेरॉक्स नव्हेत. तो सगळ्या गुणांचा अधिकृत उतारा असतो, विद्यापीठाकडे वेगळा अर्ज करून घ्यावा लागतो आणि आपल्या विद्यापीठांचा वेग तुम्ही जाणताच, तेव्हा ऑगस्टमध्येच मागा. टक्केवारीचा जीपीए स्वतः काढून लिहू नका. अर्जात उलट सूचना नसेल तर मूळ गुण तसेच द्या. तीन वर्षांच्या बी.ए.वर काही विद्यापीठं थेट घेत नाहीत, पुढे एम.ए. झालं असेल तर सहसा अडत नाही. जीआरई ही प्रवेशपरीक्षा २०२० नंतर बऱ्याच विभागांनी सोडली किंवा ऐच्छिक केली, पण सगळ्यांनी नाही. टोफेल किंवा आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांचा निकाल दोन वर्षंच चालतो. रायटिंग सॅम्पल (तुमच्या लेखनाचा नमुना) म्हणून एम.ए.च्या प्रबंधातलं सर्वांत चांगलं प्रकरण निवडा. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी बिचकू नये : प्रकरण इंग्रजीत स्वतः उतरवून काढा, आणि मराठीत मुलाखती घेता येतात, जुनी वर्तमानपत्रं वाचता येतात, हे एसओपीत ठळक लिहा. प्रत्यक्ष ठिकाणी जाऊन करायच्या अभ्यासाला ते लागतंच.

अर्जाची फी बहुतेक ठिकाणी ७५ ते १५० डॉलर असते. म्हणून पंधरा-वीस अर्जांचा आग्रह आम्ही धरत नाही. नीट निवडलेले आठ-दहा पुरतात.

तारखा आणि पैसे

मुदत बहुधा १ ते १५ डिसेंबरच्या दरम्यान संपते, ती अमेरिकेच्या वेळेनुसार. काही विभाग जानेवारीत ऑनलाइन मुलाखत घेतात. निकाल फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. फंडिंगसह आलेल्या ऑफरला उत्तर देण्यासाठी बहुतेक विद्यापीठं १५ एप्रिलपर्यंत वेळ देतात. त्याआधी दबाव आला तर घाबरू नका. ऑफरपत्रात स्टायपेंड नऊ महिन्यांचा आहे की बारा, हे आधी बघा. मॅडिसनमध्ये ज्या रकमेत भागतं, तिच्यात न्यूयॉर्कमध्ये खोलीचं भाडं देऊन फारसं उरत नाही.

फुलब्राइट-नेहरू डॉक्टोरल फेलोशिपबद्दल नेहमी विचारलं जातं. ती भारतात पीएचडीला नोंदणी झालेल्यांना काही महिने अमेरिकेत संशोधन करण्यासाठी आहे, तिकडच्या पदवीसाठी नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी राज्याच्या समाजकल्याण खात्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती जरूर पाहावी. उत्पन्न, वय आणि विद्यापीठाच्या क्रमवारीच्या अटी त्या वर्षीच्या जाहिरातीत वाचाव्यात. बाबासाहेब १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले होते, तेव्हा विद्यापीठ स्वतःहून पाच वर्षांचा खर्च उचलत नसे.

व्हिसाचं काम आय-२०, म्हणजे विद्यापीठाकडून येणारं प्रवेशाचं अधिकृत पत्रक, हातात आल्यावरच सुरू होतं. सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) फी आणि व्हिसाची फी वेगवेगळ्या भराव्या लागतात. एफ-२ या अवलंबितांच्या व्हिसावर येणाऱ्या जोडीदाराला नोकरी करता येत नाही, हे लग्न झालेल्यांनी आधीच घरी बोलून घ्यावं.

आम्ही काय करतो

तुमची यादी तपासतो, एसओपी आणि रायटिंग सॅम्पल वाचून समासात शेरे मारतो, कागदपत्रांचा पाठपुरावा करतो, मुलाखतीचा सराव घेतो. एसओपी लिहून देत नाही, कितीही पैसे दिले तरी. प्रवेशाची हमी देत नाही; जो देईल त्याच्यापासून लांब राहा. कोणत्याही विद्यापीठाकडून आम्हाला कमिशन मिळत नाही. आमची फी ठरलेली आहे आणि निकाल काहीही लागला तरी तीच राहते.

पहिल्या भेटीला येताना सगळ्या मार्कशीट, एम.ए.च्या प्रबंधाची प्रत आणि तुमचा प्रश्न एका परिच्छेदात लिहून आणा. मराठीत लिहिलात तरी चालेल. या भेटीची फी नाही.