दारू की लठ्ठपणा? यकृतातल्या चरबीच्या जुन्या वादाची पार्श्वभूमी

सूक्ष्मदर्शकाखाली यकृताचा काप पाहिला, तर मेदाच्या थेंबांच्या जागी पांढऱ्या पोकळ्या दिसतात. काप तयार करताना चरबी विरघळून जाते, जागा तेवढी उरते. ती चरबी दारूने आणली की लठ्ठपणाने, हे पोकळी सांगत नाही. सगळा घोळ तिथलाच.

लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८३६ मध्ये अशा चरबीदार यकृताचं वर्णन केलं. विसाव्या शतकात मात्र संशय कुपोषणाकडे वळला. इन्सुलिनच्या शोधातले चार्ल्स बेस्ट यांना दिसलं होतं की, आहारात कोलीन हे पोषकद्रव्य कमी पडलं की प्राण्यांच्या यकृतात चरबी साठते. १९४९ मध्ये बेस्ट आणि सहकाऱ्यांनी लिहून टाकलं, की शुद्ध अल्कोहोल यकृताला खास विषारी असल्याचा पुरावा साखरेविरुद्ध आहे त्याहून जास्त नाही. दारूपुरतं हे चुकलंच. १९६०च्या दशकात यकृताचे अभ्यासक चार्ल्स लीबर यांनी स्वयंसेवकांना पुरेसा आहार आणि सोबत अल्कोहोल देऊन दाखवलं, की पोट भरलेलं असलं तरी यकृतात चरबी चढते. गंमत अशी, की साखरेला निर्दोष समजून केलेली ती तुलनाच पुढे खरी ठरायची होती, कारण जास्त साखरही यकृताला बाधते.

१९८० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या युर्गेन लुडविग यांनी २० रुग्णांची नोंद छापली. बहुतेक लठ्ठ, यकृत मात्र हुबेहूब दारुड्याचं. ‘पीत नाही’ म्हणणाऱ्या अशा रुग्णांकडून डॉक्टर कबुली वदवून घ्यायला बघत, हेही त्यांनी लिहिलं. आजाराला ‘नॉन-अल्कोहोलिक’ नाव मिळालं, रुग्णांवरचा आळ गेला. पण माझ्या मते त्या ‘नॉन’नेच भिंत उभी केली: एक तर पिणारे, नाही तर जाडे. दोन्ही असणाऱ्यांचं काय?

यकृत काही अशी वाटणी करत नाही. लठ्ठपणात इन्सुलिनला दाद न देणाऱ्या चरबीच्या पेशी मेदाम्लं रक्तात सोडत राहतात, आणि ती यकृतात येऊन पडतात. त्यात दारू आली की यकृत आधी ती मोडायला घेतं. त्या कामात मेदाम्लं जाळायला लागणारा एनएडी हा पेशीतला मदतनीस रेणू अडकून पडतो. शिवाय दोघांमुळेही यकृत स्वतः नवी चरबी बनवतं. आवक वाढलेली, भट्टी मंदावलेली.

२००० साली उत्तर इटलीतल्या पाहणीत फॅटी लिव्हरचं प्रमाण असं निघालं: ना दारू ना लठ्ठपणा असलेल्यांत १६ टक्के; नुसत्या भरपूर पिणाऱ्यांत ४६; नुसत्या लठ्ठांत ७६; दोन्ही असलेल्यांत सुमारे ९५. म्हणजे नुसता लठ्ठपणा नुसत्या दारूच्या पुढे! २०१० मध्ये स्कॉटलंडमधल्या पुरुषांच्या अभ्यासाने यकृताच्या आजारांबद्दल आणखी एक गोष्ट दाखवली: दोघांचा एकत्र धोका नुसत्या बेरजेहून जास्त भरतो.

अखेर २०२३ मध्ये ‘नॉन’ गेलं आणि दोन्ही असलेल्यांसाठी ‘मेटएएलडी’ (चयापचयातला बिघाड आणि दारू, दोन्हींशी जोडलेला यकृताचा आजार) हा वेगळा गट आला: आठवड्याला अल्कोहोल स्त्रियांत १४० ते ३५० ग्रॅम, पुरुषांत २१० ते ४२० ग्रॅम. हा आकडा अजूनही बहुधा रुग्णालाच विचारून लिहावा लागतो.