पातळ धातुथरांची पॉझिट्रॉन व इलेक्ट्रॉन वर्णपटमिती

पृष्ठभागावरील धातूच्या अतिपातळ थरात कोणते अणू कोणत्या ओळीत (वरून कितव्या अणुथरात) बसले आहेत, हे बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेवरून ओळखण्याची पद्धत. कोकणात धातूचे पातळ थर घरोघरी आढळतात. खाऱ्या वाऱ्यातील क्लोराइडमुळे पत्र्याच्या जस्तावर पांढरी भुकटी धरते; कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात कोकमाचे सार कळकते. दोन्ही ठिकाणी झीज सुरू होते ती अगदी वरच्या अणूंपासून.

नेहमीच्या ऑजे पद्धतीत काही हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जेचे एकक) ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचा झोत नमुन्यावर सोडतात. अणूच्या आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन उडतो, वरचा त्या जागी उतरतो आणि सुटलेली ऊर्जा घेऊन तिसरा बाहेर पडतो. त्याची ऊर्जा मूलद्रव्यानुसार ठरलेली असते. लीझे माइटनर (१९२२) आणि प्येर ऑजे (१९२३) यांनी हा परिणाम स्वतंत्रपणे शोधला. जस्ताच्या अभ्यासात तो फार मोलाचा आहे. क्ष-किरणांनी मिळणारी जस्त धातूची आणि त्याच्या ऑक्साइडची शिखरे (वर्णपटातले उंचवटे) जवळजवळ एकाच जागी येतात, ऑजे शिखर मात्र सुमारे ४ इलेक्ट्रॉन-व्होल्टने सरकते; त्यामुळे जस्त शाबूत आहे की गंजले आहे, ते कळते. पत्र्यावरचा थर मात्र अणूंच्या मापाने फार जाड असतो, म्हणून आर्गॉन आयनांच्या माऱ्याने तो थोडा थोडा खरवडत मोजणी करावी लागते.

या पद्धतीत वरच्या अनेक ओळींचा संकेत एकत्र येतो. ही अडचण पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनाचा धनभारित प्रतिकण, दूर करतो. मंद केलेला पॉझिट्रॉन पृष्ठभागालगतच अडकतो, तिथल्या अणूच्या आतल्या इलेक्ट्रॉनसह नाहीसा होतो आणि रिकाम्या जागेमुळे ऑजे इलेक्ट्रॉन सुटतो. संकेत जवळजवळ पूर्णपणे सर्वांत वरच्या ओळीचा असतो. शिवाय झोताची ऊर्जा अवघी काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्याने झोताच्या धक्क्याने सुटणाऱ्या दुय्यम इलेक्ट्रॉनांचा गोंगाट ऑजे शिखराखाली येत नाही. १९८८ मध्ये टेक्सस विद्यापीठाच्या आर्लिंग्टन शाखेत हे प्रथम दाखवण्यात आले.

पॉझिट्रॉन मिळवणे हीच खरी अडचण. सोडियम-२२ या किरणोत्सारी समस्थानिकाच्या स्रोतातून ते इतके थोडे मिळतात की एका वर्णपटाला दिवस लागू शकतात, आणि तेवढ्या वेळात अतिनिर्वातातही पृष्ठभाग मळतो. म्युनिकजवळच्या गार्खिंग येथील अणुभट्टीच्या प्रबळ झोताने ही वेळ मिनिटांवर आणली. त्यामुळे बदल घडत असतानाच टिपता येऊ लागले: पॅलेडियमवर बसवलेले तांबे काही तासांत वरच्या ओळीतून खाली सरकते, हे तिथे थेट मोजले गेले.