न मोजलेला ओलावा कोरडा नसतो

यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या जिनिंगच्या आवारात कापसाची खरेदी सुरू झाली, की प्रत्येक गाडीमागे शेतकऱ्याचे नाव, गाव, वजन आणि ओलावा यांची नोंद होते. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत अशी एक नोंद म्हणजे एक डिक्शनरी, म्हणजे नाव आणि त्याचे मूल्य अशा जोड्यांचा संच, आणि दिवसभराच्या नोंदी म्हणजे डिक्शनरींची लिस्ट. ‘ओलावा’ हे नाव म्हणजे त्यातली की आणि ९.५ हे मूल्य म्हणजे तिची व्हॅल्यू.

हमीभावाच्या खरेदीत ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भावात कपात होते आणि १२ टक्क्यांच्या वर गेला की कापूस नाकारला जातो. त्यामुळे १२ किंवा त्याहून कमी ओलाव्याच्या नोंदी वेगळ्या काढणे हे रोजचेच काम. २००० साली पायथनमध्ये आलेल्या लिस्ट कॉम्प्रिहेन्शनमुळे, म्हणजे एका लिस्टमधून अटीत बसणाऱ्या नोंदी घेऊन नवी लिस्ट बनवण्याच्या लेखनपद्धतीमुळे, ते एका ओळीत होते. मूळ लिस्टला धक्का लागत नाही. मात्र नव्या लिस्टमधल्या डिक्शनरी त्याच असतात, प्रती नव्हेत, म्हणून तिथे वजन दुरुस्त केले की ते मूळ यादीतही बदलते.

खरी अडचण येते ती एखाद्या नोंदीत ‘ओलावा’ ही कीच नसेल तेव्हा. चौकटी कंसात ती की मागितली, तर ‘की-एरर’ येऊन प्रोग्राम तिथेच थांबतो. यावर पुष्कळ जण ‘गेट’ ही पद्धत वापरतात आणि की न सापडल्यास शून्य धरावे, असे सांगून मोकळे होतात. त्रुटी नाहीशी होते खरी, पण ज्या गाडीला मीटर लागलेच नाही तिचा कापूस शून्य टक्के ओलाव्याचा ठरून बिनबोभाट पास होतो. माझ्या मते प्रोग्राम बंद पडलेला परवडला.

म्हणून आधी की आहे का हे तपासावे आणि मगच तुलना करावी. दोन अटी जोडणाऱ्या ‘अँड’च्या डावीकडची अट खोटी ठरली, तर पायथन उजवीकडची पाहतच नाही, त्यामुळे हा क्रम महत्त्वाचा आहे. की नसलेल्या नोंदी टाकून न देता वेगळ्या लिस्टमध्ये ठेवाव्यात. त्यांतल्या काहींत ओलावा नोंदलेला असतो, फक्त टंकताना ‘ओलावा’नंतर एक मोकळी जागा पडलेली असते आणि पायथनच्या लेखी ती निराळीच की असते.