दुपारी बंद होणारा पब जेवणाची जागा कसा झाला

लंडनच्या पबमध्ये दुपारी साडेतीनला बसून निवांत जेवता येतं, ही आज कुणाला मुद्दाम सांगावी अशी गोष्ट वाटत नाही. ऑगस्ट १९८८ पर्यंत ते शक्य नव्हतं. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार कामावर धडधाकट यावेत म्हणून पबच्या वेळा कापल्या गेल्या. युद्ध संपलं, दुपारची बंदी मात्र सत्तर वर्षं टिकली. अडीच-तीनला दार बंद, मग संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पुन्हा उघडणार. अशा वेळापत्रकात पूर्ण स्वयंपाकघर चालवणं बहुतेकांना परवडणारं नव्हतं. रविवारची दुपार मोकळी व्हायला तर १९९५ उजाडलं.

खायला अजिबात मिळायचं नाही असं नव्हे. ‘प्लाउमन्स लंच’ म्हणजे पाव, चीजचा जाड तुकडा आणि मुरवलेला कांदा. नावामुळे हे जेवण नांगर धरणाऱ्याइतकं जुनं वाटतं. पाव, चीज आणि बिअर ही जोडी जुनीच आहे, पण या नावाची थाळी पबापबांत पोहोचली ती १९५० आणि ६० च्या दशकांत. युद्धकाळापासूनचं रेशनिंग १९५४ मध्ये उठलं आणि चीजचा खप वाढवण्यासाठी उत्पादकांनी जो प्रचार केला, त्यातून ती रुळली.

खरा बदल घडवला तो १९८९ च्या एका सरकारी आदेशाने. त्याच्याबद्दल आजही एकमत नाही. त्या काळी सहा मोठ्या ब्रुअऱ्या देशातली सुमारे तीन चतुर्थांश बिअर बनवत आणि हजारो पबही त्यांच्याच मालकीचे असत. असा पब भाड्याने घेणाऱ्याने मालकाचीच बिअर मालकाच्याच दराने घ्यायची, ही अट असे. याला ‘टाय’ म्हणत. मक्तेदारीची चौकशी करणाऱ्या आयोगाने शिफारस केली की एका ब्रुअरीकडे २,००० पेक्षा जास्त पब नसावेत. ब्रुअऱ्यांनी जोरदार विरोध केला आणि सरकारने शिफारस पातळ केली. २,००० च्या वर जितके पब असतील, त्यांतल्या निम्म्यांची बांधिलकी १ नोव्हेंबर १९९२ पर्यंत सोडायची, एवढंच उरलं. म्हणजे ज्याचे ७,००० पब, त्याने २,५०० मोकळे करायचे. शिवाय मे १९९० पासून या बड्या ब्रुअऱ्यांच्या भाडेकरूंना बाहेरची एक पिंपातली बिअर आपल्या पसंतीने ठेवण्याची मुभा मिळाली.

आदेशात एक मोठं भगदाड राहिलं. तो बिअर बनवणाऱ्यांना लागू होता, नुसते पब बाळगणाऱ्यांना नाही. ब्रुअऱ्यांनी पब घाऊक विकले आणि ते घेतले बिअर न बनवणाऱ्या नव्या कंपन्यांनी. त्यांच्यावर २,००० ची मर्यादा नव्हती आणि टाय त्यांनी तशीच चालू ठेवली. भाडेकरूचा मालक बदलला, फास तोच राहिला. आदेश २००३ मध्ये रद्द झाला. पाचशे किंवा त्याहून अधिक बांधील पब असलेल्या कंपन्यांच्या भाडेकरूंना ‘फक्त बाजारभावाने भाडं, बिअर कुठूनही’ असा पर्याय मागण्याचा हक्क इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळाला तो २०१६ मध्ये. या आदेशानेच पब बुडवले, असं अनेक जण मांडतात. मला ते एकांगी वाटतं. पब बांधून ठेवणारी व्यवस्था आधीपासूनच होती. आदेशाने ती अर्धवट सोडवली, आणि त्या अर्धवट सुटलेल्या गाठीतून काही माणसं आत शिरली.

त्यांतली दोघं जानेवारी १९९१ मध्ये लंडनच्या फॅरिंग्डन रोडवरच्या ‘द ईगल’ या पबमध्ये शिरली. मोठ्या ब्रुअऱ्या पब अंगावेगळे करण्याच्या घाईत होत्या, तेव्हा थोड्या भांडवलावर पब घेणं शक्य झालं होतं. रेस्टॉरंट काढण्याइतका पैसा नसलेल्यांसाठी ही वाट होती. चूल बारच्या मागे, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. पदार्थ फळ्यावर खडूने लिहिलेले, रोज बदलणारे. खुर्च्या एकीसारखी दुसरी नाही. टेबलावर पांढरं कापड नाही, ऑर्डर आणि पैसे बारवरच. एक मोठं वर्तमानपत्र त्याच रस्त्यावर होतं, त्यामुळे दुपारी जेवायला पत्रकार यायचे आणि जागेची चर्चा वेगाने पसरली.

‘गॅस्ट्रोपब’ हा शब्द त्याच दशकात आला आणि पुढे त्याचाच गुंता झाला. सुरुवातीला त्याचा अर्थ होता पबच्या भाड्यात आणि पबच्या अवतारात नीट शिजवलेलं अन्न. २००१ मध्ये इंग्लंडच्या हेरफर्डशरमधल्या एका गावच्या पबला मिशेलिन या खाद्य मार्गदर्शिकेचा तारा मिळाला, २०१२ च्या यादीत मार्लोमधल्या एका पबला दोन तारे मिळाले. जुलै २००७ मध्ये इंग्लंडमध्ये बंदिस्त सार्वजनिक जागेत धूम्रपानाला बंदी आली आणि केवळ पिण्यावर चालणाऱ्या पबांनाही जेवणाकडे वळावं लागलं. मग राखाडी रंग दिलेल्या प्रत्येक पबावर हा शब्द दिसू लागला. एका जुन्या खाद्य मार्गदर्शिकेने २०१२ च्या आवृत्तीतून तो वगळला. त्याच वर्षी एका अमेरिकन शब्दकोशाने तो सामावून घेतला.

बिअरच्या बाजूलाही शब्दावरून असाच वाद आहे. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या ग्राहक चळवळीने ‘रियल एल’ची, म्हणजे अस्सल पारंपरिक बिअरची, काटेकोर व्याख्या केली होती: ज्या पिंपातून वाढायची त्यातच दुसऱ्यांदा आंबलेली, बाहेरचा वायू न वापरता ओतलेली. छोट्या ब्रुअऱ्यांच्या बिअरला लावल्या जाणाऱ्या ‘क्राफ्ट’ या शब्दाला ब्रिटनमध्ये कायदेशीर व्याख्याच नाही. २००२ मध्ये छोट्या ब्रुअऱ्यांना बिअरवरच्या करात मोठी सूट मिळाली आणि त्यांची संख्या झपाट्याने वाढली, पण त्यांतल्या अनेकांची बिअर केगमधून, म्हणजे धातूच्या बंद पिंपातून, वायूच्या दाबाने येते. जुन्या व्याख्येत ती बसत नाही आणि जेवणाबरोबर लोक तीच मागतात.

फळ्यावर हमखास असणाऱ्या आयपीए या बिअरच्या नावातला ‘आय’ म्हणजे इंडिया, हे सर्वांना माहीत असतं. आपल्याकडचा आणखी एक धागा नाशिकजवळच्या देवळालीचा आहे. तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत ताटकळणाऱ्या गोऱ्या सैनिकांचं डोकं फिरायचं, त्याला त्यांच्या बोलीत ‘डूलाली टॅप’ म्हणत. देवळालीची ‘डूलाली’ झाली आणि ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या मायक्रोब्रुअरीने, म्हणजे जागेवरच बिअर बनवणाऱ्या छोट्या ब्रुअरीने, ‘डूलाली’ हेच नाव घेतलं. १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या राज्यात, जिथे पिणाऱ्यालाही परवाना लागतो आणि बारला अजून ‘परमिट रूम’ म्हणतात, तिथे बिअरची टाकी आणि जेवणाचं टेबल एकाच छपराखाली आलं.