घरगुती इंटरनेटची दर आकारणी : वापरानुसार आणि ठरीव

घरी येणाऱ्या इंटरनेटचे पैसे मुख्यतः दोन रीतींनी घेतले जातात. एका रीतीत जेवढा वापर तेवढे बिल. वापर तासांत मोजतात किंवा एमबी-जीबीत. दुसऱ्या रीतीत महिन्याची रक्कम ठरलेली असते, वापर कितीही होवो. भारतात आज विकले जाणारे बहुतेक घरगुती प्लॅन 'अनलिमिटेड' म्हणवतात, पण त्यांच्या पोटात 'एफयूपी' (फेअर यूसेज पॉलिसी, म्हणजे रास्त वापराचे धोरण) नावाची डेटाची मर्यादा असते. ती ओलांडली की जादा पैसे पडत नाहीत, स्पीड उतरतो. त्यामुळे आजची भारतीय पद्धत या दोन्हींच्या मधली आहे.

कोणती रीत रास्त, हे ठरवण्याआधी कंपनीचा खर्च कशावर होतो ते पाहायला हवे. रस्ता खोदून किंवा खांबांवरून केबल घरापर्यंत आणणे, उपकरणे बसवणे, दुरुस्तीची माणसे ठेवणे हा खर्च ग्राहकाने महिन्यात २ जीबी वापरले काय आणि २०० जीबी वापरले काय, तेवढाच राहतो. पुढचा खर्च क्षमतेचा. घरगुती फायबर जाळ्यात सर्रास वापरल्या जाणाऱ्या जीपॉन पद्धतीत एका मुख्य फायबरवर सुमारे २.५ जीबीपीएस (सेकंदाला गिगाबिट) क्षमता असते, आणि स्प्लिटर, म्हणजे फायबरला फाटे फोडणारे उपकरण, लावून ती अनेकदा ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. सगळी घरे एकदम पूर्ण स्पीड वापरत नाहीत, या भरवशावरच हे गणित चालते. रात्री जेवणे उरकून घरोघर टीव्हीवर मॅच किंवा मालिका सुरू झाली की या गणिताची परीक्षा होते. कंपनीला क्षमता वाढवावी लागते ती या गर्दीच्या तासांसाठी.

कंपनी स्वतः वरच्या, मोठ्या जाळ्याकडून बँडविड्थ (डेटा वाहून नेण्याची क्षमता) घेते तेव्हाही हेच दिसते. तिथे प्रचलित रीत अशी, की दर पाच मिनिटांनी वाहतुकीचा वेग नोंदवायचा, महिन्यातल्या सर्वांत वरच्या ५ टक्के नोंदी सोडून द्यायच्या आणि उरलेल्यांतल्या सर्वोच्च आकड्यावर बिल करायचे. तीस दिवसांच्या महिन्यात सोडून दिलेला हा वेळ ३६ तासांचा होतो. महिन्यात एकूण किती जीबी गेले, याला या हिशोबात जागा नाही. पहाटे चार वाजता उतरवलेल्या सिनेमासाठी कंपनीला जवळजवळ काहीच जादा मोजावे लागत नाही. तोच सिनेमा रात्री नऊला पाहिला तर गर्दीत भर पडते. विजेच्या मीटरची तुलना इथे नेहमी केली जाते, पण ती लंगडी आहे. विजेच्या बहुतेक युनिटांमागे कोळसा जळतो, जीबीमागे तसे काही संपत नाही. जीबीवर आकारणी करणे म्हणजे ज्या गोष्टीचा खर्च फारसा येत नाही तिचे पैसे घेणे.

ठरीव दराविरुद्धचा आक्षेप मात्र खरा आहे. रविवारी नातवंडांशी व्हिडिओ कॉल करण्यापुरते इंटरनेट लागणारे आजी-आजोबा आणि दिवसरात्र डाउनलोड लावणारा शेजारी एकच रक्कम भरतात. यावरचा चांगला तोडगा म्हणजे स्पीडनुसार ठरीव दर: कमी स्पीड कमी पैशांत, जास्त स्पीड जास्त पैशांत. गर्दीच्या वेळी कोण किती क्षमता अडवू शकतो, त्याच्याशी हा दर थेट जोडलेला राहतो, आणि बिल किती येईल हे महिना सुरू होण्याआधीच कळते.

भारतात सुरुवात तासांच्या मीटरने झाली. विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले तेव्हा व्यक्तिगत ग्राहकाला डायल-अपचे, म्हणजे टेलिफोन लाइनवरून फोन लावून जोडल्या जाणाऱ्या इंटरनेटचे, २५० तास ५,००० रुपयांना मिळत. टेलिफोन कॉलचे पैसे वेगळे. पाने भराभर उघडायची, जोडणी तोडायची आणि मग निवांत वाचायची, ही सवय त्या मीटरने लावली.

२००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान २५६ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) ही ब्रॉडबँडची व्याख्या केली आणि २००५ मध्ये बीएसएनएलचे 'डेटावन' व मुंबईत एमटीएनएलचे 'ट्रायबँड' आले. तासांचा मीटर गेला, एमबीचा आला. स्वस्त प्लॅनमध्ये ठरावीक डेटा आणि त्यापुढे दर एमबीला पैसे. २५६ केबीपीएसने सलग उतरवत राहिले तर १ जीबी साधारण नऊ तासांत संपतो. म्हणजे एखाद्या घरातला महिन्याचा कोटा एका दिवसात उडू शकत होता, तोही संगणकाने स्वतःहून घेतलेल्या अपडेटमुळे. बीएसएनएलच्या 'होम ५००' या प्लॅनमध्ये पुढे रात्री दोन ते सकाळी आठ या वेळेतला वापर मोफत ठेवला होता. डाउनलोडला टायमर लावून झोपणारी पिढी त्यातूनच घडली. खर्चाच्या दृष्टीने त्या काळातली सर्वांत शहाणी अट हीच होती, कारण तिने गर्दीची वेळ आणि रिकामी वेळ यांत फरक केला. मीटरचा खरा तोटा बिलात दिसत नसे. काही शोधावे, एखादे व्याख्यान ऐकावे, असे वाटूनही माणूस हात आखडता घेई.

परदेशातही हा वाद गाजला. अमेरिकेत एओएल या इंटरनेट कंपनीने १ डिसेंबर १९९६ पासून तासांचा हिशोब सोडून महिन्याला १९.९५ डॉलरचा ठरीव दर लावला. लोक जोडणी सोडेनात, फोन लाइन सतत व्यग्र लागू लागल्या आणि कंपनीला ग्राहकांना परतावे द्यावे लागले. ठरीव दर जाहीर करण्याआधी क्षमता वाढवावी लागते, हा धडा तिथला. कॅनडात २०११ मध्ये मोठ्यांचे जाळे घाऊक दराने घेणाऱ्या छोट्या कंपन्यांवर वापरानुसार घाऊक दर लादण्याचा निर्णय झाला, त्यावर मोठा जनक्षोभ उसळला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नियामकाने क्षमतेवर आधारित पर्याय मान्य केला.

भारतात दूरसंचार नियामक ट्रायने २०१२ मध्ये कंपन्यांना एफयूपीची मर्यादा आणि त्यानंतरचा स्पीड स्पष्ट सांगायला लावले. २०१६ मध्ये मर्यादेनंतरही घरगुती ब्रॉडबँडला किमान ५१२ केबीपीएस स्पीड सक्तीचा केला. सप्टेंबर २०२० मध्ये जिओफायबरने ३९९ रुपयांपासून (३० एमबीपीएस, जीएसटी वेगळा) अनलिमिटेड प्लॅन आणले आणि इतर कंपन्यांनाही दर उतरवावे लागले. शाळा घरातूनच भरत होत्या, त्या काळात दोन मुलांच्या घराला जीबी मोजत बसावे लागले नाही, ही मोठी सोय होती.

याच प्लॅनसोबत ३,३०० जीबीची मासिक मर्यादा रूढ झाली. दिवसाला ११० जीबी सामान्य घराला पुरून उरतात. तरी १०० एमबीपीएसने सलग वापर झाला तर हा कोटा तीन दिवसांच्या आसपास संपतो. मर्यादा उदार आहे, पण ती आहे, आणि जाहिरातीत ती 'अनलिमिटेड' या शब्दाएवढ्याच ठळक अक्षरांत छापली गेली पाहिजे. जोडणी घेताना, विशेषतः गल्लीतल्या केबलवाल्याकडून, तीन गोष्टी लेखी मागाव्यात: मर्यादा किती, ती संपल्यावर स्पीड किती, आणि अपलोडही त्यात धरले जाते का. घरी कॅमेरे लावून चित्रण ऑनलाइन साठवणाऱ्यांना तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा.